विश्लेषण : च्युइंगमवाल्याचे नाव मैदानावर शंभर वर्षे कसे टिकले?

मैदानाला कंपनीचे नाव द्यायचे आणि त्याबदल्यात वर्षानुवर्षे ठरावीक रक्कम घ्यायची, हा व्यवहार आता जगभर रुळला आहे. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरचे २०२१ मध्ये क्रिप्टो डॉट कॉम अरिना झाले. त्या २० वर्षांच्या कराराची किंमत सुमारे ७० कोटी डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. अशा नावांची चर्चा निघाली की अमेरिकेत हमखास एका मैदानाचा दाखला दिला जातो. ते म्हणजे शिकागोचे रिगली फील्ड. रिगली हे च्युइंगमच्या कंपनीचे नाव, पण या नावासाठी मैदानाच्या मालकाला कंपनीने कधी पैसे मोजलेले नाहीत. ज्यांचे हे नाव, ते विल्यम रिगली ज्युनियर १९३२ मध्ये निवर्तले. त्यांच्या वारसांनी संघ आणि मैदान १९८१ मध्ये विकले. कंपनीही २००८ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेली. मैदानाची पाटी मात्र हलली नाही. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर आधी या माणसाची गोष्ट पाहावी लागते.

विल्यम रिगली कोण होते?

आपल्याकडे पानटपरीवर मिळणाऱ्या डबलमिंटच्या पाकिटामुळे हे नाव अनेकांच्या नजरेखालून गेलेले असते. या कंपनीचे संस्थापक विल्यम रिगली यांचा जन्म ३० सप्टेंबर १८६१ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. वडिलांचा घासायच्या साबणाचा कारखाना होता. शाळेची शिस्त विल्यमला मानवली नाही. लहानपणी तो घरातून पळून न्यूयॉर्कला गेला आणि वर्तमानपत्रे विकून काही काळ राहिला. परत आल्यावर शाळेतून त्याचे नाव काढण्यात आले. तेव्हा वडिलांनी त्याला कारखान्यात उकळता साबण ढवळण्याच्या कामाला लावले. ते काम नको म्हणून त्याने विक्रीचे काम मागून घेतले आणि वयाच्या तेराव्या वर्षी तो घोडागाडीतून गावोगाव साबण विकू लागला. दुकानदाराने नकार दिला तरी हसतमुखाने पुन्हा त्याच दारात जायचे, हा धडा त्याने या फिरतीत गिरवला. १८८५ मध्ये अ‍ॅडा फूट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

साबणातून च्युइंगमपर्यंत ते कसे पोहोचले?

१८९१ मध्ये रिगली कुटुंबासह शिकागोला आले. खिशात ३२ डॉलर होते आणि धंद्यासाठी नातलगाकडून घेतलेले कर्ज होते. वडिलांच्या कारखान्याचा साबण विकणे एवढेच काम. पण साबणावर दुकानदाराला फारसा नफा सुटत नसे, त्यामुळे तो माल ठेवायला नाखूश असायचा. रिगली यांनी साबणाच्या खोक्यासोबत काहीतरी फुकट द्यायला सुरुवात केली. छत्र्यांसारख्या वस्तू झाल्या, मग बेकिंग पावडरचा डबा आला.

थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आले की लोकांना साबणापेक्षा बेकिंग पावडर हवी आहे. त्यांनी साबण सोडला आणि १८९२ पासून बेकिंग पावडर विकायला घेतली. आता तिच्यासोबत काय द्यायचे, हा प्रश्न आला. प्रत्येक डब्यामागे च्युइंगमची दोन पाकिटे त्यांनी फुकट द्यायला सुरुवात केली. पुन्हा तेच घडले. गिऱ्हाईक डब्याऐवजी पाकिटांची मागणी करू लागले. रिगली यांनी बेकिंग पावडरही सोडली. १८९३ मध्ये ज्यूसी फ्रूट आणि स्पिअरमिंट ही त्यांची दोन प्रसिद्ध च्युइंगम बाजारात आली. सुरुवातीला माल दुसरी कंपनी बनवून देत असे. पुढे ती कंपनी रिगलींच्या कंपनीत विलीन झाली.

मुख्य मालापेक्षा सोबतची वस्तू लोकांना जास्त आवडली, तर तीच मुख्य माल करायची, हे सूत्र त्यांना दोनदा फळले. या सूत्रामागे एक साधी समजूत होती. फुकट दिलेली वस्तू लोकांच्या हातात आणि तोंडी राहते आणि तिच्यामागून विक्री येते. पुढे बेसबॉलमध्येही ते याच समजुतीने वागले.

जाहिरातीवर त्यांचा एवढा विश्वास का होता?

च्युइंगम ही अगदी किरकोळ किमतीची वस्तू. ती नसली तर कोणाचे अडत नाही. दुकानात गेल्यावर तिची आठवण होण्यासाठी नाव सतत डोळ्यांसमोर असले पाहिजे, असे रिगली मानत. न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत शिरण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले होते आणि त्यात बराच पैसा गेला होता. १९०७ मध्ये अमेरिकेत आर्थिक पेचप्रसंग उद्भवला. इतर कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या आणि जाहिरातीच्या जागा स्वस्त झाल्या. रिगली यांनी नेमके तेव्हा मोठे कर्ज काढले आणि त्या पडत्या भावात जाहिरातींसाठी जागा घेतल्या. मंदी ओसरली तेव्हा त्यांचे स्पिअरमिंट देशभर माहीत झाले होते.

१९१५ मध्ये त्यांनी याहून धाडसी प्रयोग केला. अमेरिकेतील दूरध्वनी निर्देशिकांमध्ये ज्यांची नावे होती, त्या सुमारे १५ लाख घरांना त्यांनी टपालाने च्युइंगम पाठवले. त्या काळी दूरध्वनी असणारे घर म्हणजे खर्च करू शकणारे घर, असा त्यांचा हिशेब होता. पैसा आला तसा तो इमारतींमध्येही गेला. शिकागो नदीच्या काठावर पांढऱ्या रंगाची रिगली बिल्डिंग १९२१ ते १९२४ या काळात दोन टप्प्यांत उभी राहिली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरचे कॅटलिना बेट त्यांनी १९१९ मध्ये विकत घेतले आणि तेथे पर्यटन वाढवले.

बेसबॉलशी त्यांचा संबंध कसा आला?

आज रिगली फील्ड म्हणून ओळखले जाणारे मैदान त्यांनी बांधलेले नाही. शिकागोतील उपाहारगृहांचे मालक चार्ल्स वीगमन यांनी ते १९१४ मध्ये बांधले. फेडरल लीग या नव्या स्पर्धेतील त्यांच्या संघासाठी ते होते आणि त्याचे नाव वीगमन पार्क असे होते. फेडरल लीग दोन हंगामांतच बंद पडली. मग वीगमन यांनी काही भागीदार जमवून शिकागो कब्ज हा जुना संघ घेतला आणि १९१६ पासून तो या मैदानावर आणला. त्या भागीदारांपैकी एक रिगली होते.

वीगमन यांचा उपाहारगृहांचा धंदा खालावत गेला, तसे त्यांचे समभाग रिगली यांच्याकडे येत गेले. १९१८ अखेर वीगमन संघातून बाहेर पडले. विसाव्या दशकाच्या सुरुवातीला संघ आणि मैदान दोन्हींवर रिगली यांचा ताबा होता. वीगमन गेल्यावर १९२० पासून मैदानाला कब्ज पार्क म्हणू लागले.

संघ चालवताना त्यांनी घेतलेला एक निर्णय त्यांच्या स्वभावाचा चांगला नमुना आहे. विल्यम व्हीक हे क्रीडा पत्रकार कब्जच्या कारभारावर सातत्याने टीका करत असत. रिगली यांनी त्यांना बोलावले आणि हे काम तुम्हाला अधिक चांगले जमेल का, अशी थेट विचारणा केली. त्यानंतर व्हीक संघाच्या व्यवस्थापनात आले आणि १९१९ मध्ये अध्यक्ष झाले.

रेडिओच्या बाबतीतही रिगली बाकीच्या मालकांपेक्षा वेगळे वागले. सामन्याचे वर्णन घरी फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट काढून कोण येणार, अशी भीती तेव्हाच्या बहुतेक मालकांना होती. रिगली यांनी मात्र शिकागोतील केंद्रांना मोकळीक दिली. साबणासोबत बेकिंग पावडर द्यावी, तसेच हे होते. महिलांना ठरावीक दिवशी मोफत प्रवेश देण्याची प्रथाही त्यांच्या काळात जोरात चालली. १९२७ मध्ये कब्जच्या घरच्या सामन्यांना दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले. नॅशनल लीगमधील कोणत्याही संघाला तोवर हा आकडा गाठता आला नव्हता. वाढत्या गर्दीसाठी त्याच सुमारास मैदानावर वरचा मजला बांधण्यात आला.

मैदानाला त्यांचे नाव कधी मिळाले?

रिगली फील्ड हे नाव आधी शिकागोत लागले नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. रिगली यांनी १९२१ मध्ये लॉस एंजेलिसचा एंजल्स हा दुय्यम श्रेणीतील संघ घेतला होता. त्या संघासाठी त्यांनी बांधलेले मैदान सप्टेंबर १९२५ मध्ये सुरू झाले आणि त्याला रिगली फील्ड हे नाव देण्यात आले. शिकागोच्या कब्ज पार्कचे नाव १९२६ च्या अखेरीस बदलले आणि १९२७ च्या हंगामापासून ते रिगली फील्ड म्हणून रुळले. लॉस एंजेलिसचे मैदान १९६९ मध्ये पाडले गेले. शिकागोचे राहिले.

ही कंपनीची जाहिरातच नव्हती का?

हा वाद जुना आहे. रिगली मालक होते आणि मालकाचे आडनाव मैदानाला देण्याची पद्धत तेव्हा सर्रास होती. शिकागोच्या दुसऱ्या संघाचे मैदान चार्ल्स कोमिस्की या मालकाच्या नावाने कोमिस्की पार्क म्हणून ओळखले जात होते. पण कोमिस्की यांच्या नावाची कोणतीही वस्तू दुकानात मिळत नव्हती. रिगलींचे आडनाव देशातल्या प्रत्येक किराणा दुकानात पाकिटावर छापलेले होते. जाहिरातीसाठी मंदीतही कर्ज काढणाऱ्या माणसाला याचा फायदा कळला नसेल, असे मानणे अवघड आहे. मात्र इथे पैशांची देवघेव झाली नाही, मुदत ठरली नाही आणि करारही झाला नाही.

या उदाहरणातील पळवाट पुढे दुसऱ्या एका मालकाने नेमकी वापरली. बडवायझर बिअर बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख ऑगस्ट बुश यांनी १९५३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स हा संघ आणि त्याचे मैदान घेतले. मैदानाला बडवायझर स्टेडियम म्हणायचा त्यांचा बेत होता. मद्याच्या नाममुद्रेला बेसबॉल संघटनेकडून विरोध झाला. तेव्हा बुश यांनी आपल्या घराण्याचे नाव पुढे केले आणि मैदान बुश स्टेडियम झाले. १९५५ मध्ये त्यांच्या कंपनीने बुश याच नावाची बिअर बाजारात आणली. रिगली यांनी वस्तूचे नाव आडनावावरून ठेवले होते आणि मैदानालाही तेच दिले. बुश यांनी मैदानाचे नाव आधी ठेवले आणि वस्तू नंतर आणली.

जेतेपद त्यांना पाहायला मिळाले का?

नाही. त्यांनी खेळाडूंवर सढळ हाताने खर्च केला. १९२९ च्या हंगामासाठी रॉजर्स हॉर्न्सबी या नामवंत फलंदाजाला बोस्टनकडून घेताना पाच खेळाडू आणि दोन लाख डॉलर मोजले. त्या वर्षी कब्ज वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचलेही. पण चौथ्या सामन्यात ८-० अशी आघाडी असताना फिलाडेल्फियाच्या संघाने एकाच डावात १० धावा काढल्या आणि मालिका हातातून गेली. पुढच्या वर्षी प्रशिक्षक जो मॅकार्थी यांना निरोप देण्यात आला. ते न्यूयॉर्क यांकीजकडे गेले आणि १९३२ च्या अंतिम मालिकेत त्यांच्याच संघाने कब्जला हरवले. ते पाहायला रिगली नव्हते. २६ जानेवारी १९३२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अ‍ॅरिझोनातील फिनिक्स येथे त्यांचे निधन झाले होते. कब्जला जेतेपद मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. त्याआधीचे जेतेपद १९०८ चे होते.

त्यांच्यानंतर नाव कसे टिकले?

संघ आणि मैदान मुलगा फिलिप यांच्याकडे आले. त्यांनी १९७७ पर्यंत, म्हणजे सुमारे ४५ वर्षे, ते सांभाळले. मैदानी भिंतीवरच्या वेली आणि हाताने चालवायचा धावफलक ही आजची ओळख १९३७ मधील, म्हणजे त्यांच्या काळातील. दिव्यांचे खांब उभारण्यासाठी आणलेले साहित्य त्यांनी दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरताच सरकारला देऊन टाकले. त्यानंतर ऑगस्ट १९८८ पर्यंत तेथे कब्जचे सामने दिवसाच होत राहिले.

फिलिप यांच्यानंतर कुटुंबाने १९८१ मध्ये संघ आणि मैदान ट्रिब्यून कंपनीला दोन कोटी पाच लाख डॉलरना विकले. इथे नाव बदलणे सहज शक्य होते. नव्या मालकाने ते बदलले नाही. २००७ च्या अखेरीस ट्रिब्यूनचा ताबा घेणारे उद्योगपती सॅम झेल यांनी मात्र २००८ मध्ये नामहक्क विकण्याची तयारी उघडपणे दाखवली. शिकागोत त्यावरून एवढी नाराजी उसळली की तो विषय पुढे सरकला नाही. २००९ मध्ये रिकेट्स कुटुंबाने संघ, मैदान आणि इतर हिस्से मिळून सुमारे ८४ कोटी ५० लाख डॉलरना घेतले. त्यांनी मैदानात मोठे पडदे बसवले, प्रायोजक आणले, बाहेरच्या चौकाला विमा क्षेत्रातील कंपनीचे नाव दिले. मैदानाच्या नावाला मात्र हात लावला नाही. ज्या मैदानावर लोक जुन्या ओढीने येतात, त्याचे जुने नाव विकले तर येणारेच नाराज होतील, हा त्यामागचा व्यावहारिक विचार. २०२० मध्ये या मैदानाला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला.

दरम्यान, २००८ मध्ये मार्स या कंपनीने सुमारे २३ अब्ज डॉलरना रिगली कंपनी विकत घेतली. म्हणजे आज या नावाचा लाभ जिला होतो, ती कंपनी मैदानाची मालक नाही.

विकलेली नावे का टिकत नाहीत?

उत्तरासाठी शिकागो सोडायची गरज नाही. शिकागो व्हाइट सॉक्सचे नवे कोमिस्की पार्क १९९१ मध्ये सार्वजनिक पैशातून उभे राहिले. २००३ मध्ये त्याचे नाव यूएस सेल्युलर या दूरसंचार कंपनीला सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरना विकण्यात आले. हा पैसा मैदानाच्या दुरुस्तीला उपयोगी पडला, हे मान्य करायला हवे. पुढे त्या कंपनीने शिकागोतील आपला व्यवसायच विकला. २०१६ मध्ये गॅरंटीड रेट या गृहकर्ज कंपनीचे नाव आले. २०२४ मध्ये कंपनीने स्वतःचे नाव आखूड केले आणि मैदान रेट फील्ड झाले. एकाच वास्तूला सुमारे वीस वर्षांत तीन कंपनीनामे लागली आणि अनेक शिकागोकर अजूनही तिला कोमिस्कीच म्हणतात.

कराराची रचनाच अशी असते. मुदत ठरलेली असते, हप्ते ठरलेले असतात. कंपनी विकली गेली, तिने नाव बदलले किंवा ती बुडाली तर पाटी उतरते. ह्यूस्टनच्या मैदानाला एन्रॉनने ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलरच्या बोलीवर नाव दिले होते. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन दिवाळखोर झाली, तेव्हा ते नाव काढून घेण्यासाठी संघालाच २१ लाख डॉलर द्यावे लागले. मायामीत २०२१ मध्ये लागलेले एफटीएक्सचे नाव ती आभासी चलन कंपनी २०२२ मध्ये कोसळल्यावर उतरवण्यात आले. आपल्याकडे गहुंजेच्या मैदानाला सुब्रत रॉय सहारा स्टेडियम हे नाव देण्याचा दोनशे कोटी रुपयांहून अधिकचा करार झाला होता. ठरलेली रक्कम मिळेना, तेव्हा २०१३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने ते नाव काढले.

शिवाय विकत घेतलेले नाव सर्वत्र चालतेच असे नाही. म्युनिचचे अलियान्झ अरिना विश्वचषक आणि युरो स्पर्धेच्या काळात ते नाव बाजूला ठेवते, कारण या स्पर्धांच्या आयोजकांना मैदानावर फक्त आपलेच प्रायोजक दिसायला हवे असतात.

मग मैदानाचे नाव कोणाचे असते?

कागदोपत्री ते मालकाचे असते आणि मालक ते विकू शकतो. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या मैदानाबाबत या मिळकतीतून करदात्याचा भार थोडा हलका होतो, हा युक्तिवादही खोटा नाही. पण विकत घेणारा ज्यासाठी पैसे मोजतो, ते म्हणजे लोकांनी ते नाव रोज सहज उच्चारणे. करारनाम्यातून ते मिळत नाही. रिगली यांना ते मिळाले, कारण त्यांचे नाव पैसे देऊन आलेले नव्हते, त्याला मुदत नव्हती आणि तीन पिढ्यांनी त्या नावाच्या मैदानात बसून आपला संघ हरताना पाहिला. मुंबईत मेट्रो स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावे जोडली जात आहेत आणि मैदानांबाबतही असे प्रस्ताव येत राहतील. असा करार करणाऱ्या संघटनेने किंवा पालिकेने रक्कम किती हे पाहावेच. पण कंपनी बुडाल्यास पाटी कोणी, कोणाच्या खर्चाने उतरवायची आणि जुने नाव कुठे जपायचे, हेही आधीच लिहून ठेवलेले बरे.